किल्ली कुणाच्या खिशात?

फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पलीकडचा माणूस माझा क्लायंट नव्हता, कुणाकडून तरी नंबर मिळवून बोलत होता. लाकडी खेळणी बनवणारा छोटा कारखाना, सहा-सात माणसं, निम्म्याहून जास्त ऑर्डरी वेबसाइटवरून. दोन दिवस झाले, साइट उघडली की खेळण्यांच्या जागी भलत्याच जाहिराती दिसत होत्या आणि ईमेलही बंद पडले होते. "मॅडम, साइट हॅक झालीय का?" साइटला काहीच झालं नव्हतं. डोमेनची, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाची, मुदत संपली होती.

मुदत संपायच्या आधी सूचना येतात. .कॉम, .ऑर्गसारख्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेचं तसं बंधनच आहे: डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारने साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी दुसरी आणि मुदत उलटल्यावर ५ दिवसांत आणखी एक सूचना पाठवायची. त्या गेल्याही असणार. पण गेल्या त्या सहा वर्षांपूर्वी ज्याने ही साइट बनवली त्याच्या पत्त्यावर. त्या गृहस्थाने मधल्या काळात हा धंदा सोडून नोकरी धरली होती. त्याचा ईमेल त्याच्या जुन्या स्टुडिओच्या डोमेनवर होता आणि ते डोमेनही त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. सूचना निघत होत्या, त्यांना पोचायला दारच नव्हतं.

"पण मी दर वर्षी पैसे भरलेत हो," तो सारखा म्हणत होता. बिलांचे फोटोही त्याने पाठवले. खरंच भरले होते. यंदा बिल आलं नाही म्हणून तेवढे राहिले. मात्र इतकी वर्षं भरले ते डिझायनरकडे. डिझायनर ते पुढे रजिस्ट्रारकडे भरायचा, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने. रजिस्ट्रारच्या दफ्तरी या कारखान्याचा मागमूसही नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं, नोंद ज्याच्या नावे आहे त्याच्याशीच बोलू. त्यांचंही चूक नव्हतं. उद्या कुणीही उठून फोनवर 'हे नाव माझं' म्हणालं आणि त्यांनी देऊन टाकलं, तर माझं स्वतःचं नावही सुरक्षित राहणार नाही.

मुदत संपल्यावर नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रार काही दिवस थांबतो, फार तर दीडेक महिना. मग ते रद्द होतं. त्यानंतर ३० दिवस ते दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर जगात जो आधी हात घालेल त्याचं. आम्ही नवव्या दिवशी त्या जुन्या डिझायनरपर्यंत पोचलो. भला माणूस निघाला, पार ओशाळला. पासवर्ड आठवेना, तो मिळवण्यात आणखी एक दिवस गेला. नाव वाचलं. मधल्या दहा दिवसांतल्या ऑर्डरी गेल्या त्या गेल्या.

या सगळ्या प्रकरणात कुणीच लबाड नव्हतं. मला तेच जास्त खटकलं. लबाडी असती तर तिला नाव ठेवून मोकळं होता आलं असतं. इथे आमच्या धंद्याची रोजची रीतच आडवी आली होती.

मी व्यावसायिक फोटोग्राफी आणि वेबसाइट डिझाइन अशी दोन्ही कामं एकाच छपराखाली करते. क्लायंटच्या मालाचे फोटो काढायचे, त्या फोटोंभोवती त्याची साइट उभी करायची. अशी छोटी दुकानं जगभर आहेत, एक-दोन माणसांची, फार तर चार. आणि आम्हा सगळ्यांपुढे एक प्रश्न रोज असतो, जो आम्ही कोटेशनमध्ये लिहीत नाही आणि क्लायंट विचारत नाही: या कामातलं नेमकं काय कुणाचं? माझं मत मांडते. नाव क्लायंटचं, पहिल्या दिवसापासून, बिल थकलेलं असलं तरी. आणि फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, बिल चुकतं झालं तरी. ऐकायला हे दुटप्पी वाटतं. एकीकडे सगळं देऊन टाका म्हणते आणि दुसरीकडे मुठीत धरून ठेवा म्हणते. तसं का म्हणते ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी कबुली. सुरुवातीची चार-पाच वर्षं सगळ्या क्लायंट्सची डोमेन मी माझ्याच खात्यात घेत असे. वाईट हेतू नव्हता. एक लॉगिन, एक कार्ड, सगळ्यांच्या तारखा एका ठिकाणी. क्लायंटला कटकट नको असायची आणि मला त्याच्यामागे ओटीपीसाठी धावायला नको असायचं. पण सोय अंगवळणी पडली की तिचा धाक बनायला वेळ लागत नाही. एका क्लायंटने शेवटचं बिल चार महिने लटकवलं. फोन घेईना, घेतला तर 'पुढच्या आठवड्यात'. एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्याचं डोमेन दुसरीकडे वळवून ठेवलं. नाक दाबलं की तोंड उघडतं. सोमवारी सकाळी पैसे जमा.

धोका नेमका इथे आहे: हा उपाय लागू पडतो. पत्र, विनंत्या, ओळखीच्या माणसाची मध्यस्थी यांनी चार महिन्यांत जे झालं नाही ते तीन रात्रींत झालं. मग पुढच्या वेळी हात आपोआप तिकडेच जातो. त्या माणसाची साइट बंद पडली तेवढी मी पाहिली होती. त्याचे ईमेल त्याच डोमेनवर आहेत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शनिवारी त्याच्या एका गिऱ्हाइकाने मोठ्या ऑर्डरीतला बदल कळवला होता, तो पोचलाच नाही आणि माल चुकीचा गेला. हे त्याने मला भांडताना सांगितलं नाही. हिशेब पूर्ण करून, डोमेन सोडवून नेताना सांगितलं. "बिल तुमचंच होतं मॅडम, पण ते गिऱ्हाईक माझं होतं."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

शिंप्याने शिलाई मिळेपर्यंत कपडा ठेवून घेतला तर त्याला कुणी नाव ठेवणार नाही. कपड्यात त्याची मेहनत आहे आणि तो अजून दिलेला नाही. पण शिलाई थकली म्हणून शिंपी माझ्या दारावरची पाटी उचलून घेऊन गेला तर? डोमेन ही पाटी आहे. ती पिशव्यांवर, कार्डांवर, गाडीच्या मागच्या काचेवर छापलेली असते, लोकांच्या फोनमध्ये साठवलेली असते. मी ती घेते तेव्हा तिची किंमत वर्षाच्या फीएवढीच असते. पुढच्या दहा वर्षांत तिला जी किंमत चढते ती क्लायंटच्या घामाची, माझी त्यात दमडीची भर नाही. म्हणजे थकलेल्या एका बिलासाठी मी ओलीस ठेवते ते माझं काम नसतंच, त्या माणसाचा अख्खा धंदा असतो. मागणं आणि तारण यांत काही प्रमाण हवं की नको?

पैसे कोण भरतो आणि नाव कुणाचं, या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत याचा एक मजेशीर दाखला १९९९ सालचा आहे. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला passport.com या आपल्या डोमेनची फी भरायचं राहून गेलं. तिच्या हॉटमेल या ईमेल सेवेचं लॉगिन त्या डोमेनवरून चालायचं, ते नाताळच्या तोंडावर अडखळू लागलं. एका प्रोग्रामरने कारण ओळखलं आणि स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले. गाडं पुन्हा सुरू झालं. पैसे त्याने भरले म्हणून नाव त्याचं झालं नाही. नोंद मायक्रोसॉफ्टची होती, ती तशीच राहिली. आमचा खेळणीवाला नेमका उलट्या टोकाला उभा होता: पाच वर्षं पैसे याचे आणि नोंद दुसऱ्याची. कायदा, नियम, तक्रार सगळं नोंदीपासून सुरू होतं. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर एक कोड लागतो आणि मागितल्यावर तो ५ दिवसांत द्यायलाच हवा असा आयकॅनचा नियम आहे. चांगला नियम आहे. पण मागायचा कुणी? नोंदणीधारकाने. क्लायंट नावाचा कुणी प्राणी त्या नियमांच्या जगात अस्तित्वातच नाही.

आता माझे समव्यावसायिक विचारतील, आणि विचारायलाच हवं: मग आमचे पैसे बुडाले तर? मोठ्या एजन्सीकडे वकील असतो. आमच्याकडे काय असतं, तर तेवढं एक बटण. तेही क्लायंटच्या हातात द्यायचं म्हणजे स्वतःच्या हाताने हत्यार टाकायचं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. छोट्या स्टुडिओंचे पैसे बुडतात, आणि बुडवणारे बऱ्याचदा गोड बोलणारेच असतात.

पण वसुलीची जागा कामाच्या आधी आणि काम देण्याच्या क्षणी असते. काम देऊन झाल्यावर सहा महिन्यांनी नाही. तारीख पक्की करण्याआधी एक तृतीयांश. शूट झाल्यावर किंवा डिझाइन पसंत पडल्यावर दुसरं तृतीयांश. उरलेलं साइट खऱ्या नावावर चढवण्याआधी. तोवर ती चाचणीच्या पत्त्यावर बघा, हवी तेवढी बघा. फोटो निवडीसाठी लहान आकारात, वर स्टुडिओचा शिक्का असलेले. तिसरा हप्ता आला की पूर्ण आकाराच्या फाइल. यात कुणाचंही नाक दाबलेलं नाही. जे अजून दिलंच नाही ते दिलेलं नाही, एवढंच. वर्षाच्या देखभालीचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला. थकले तर देखभाल बंद: अपडेट नाही, बॅकअप नाही, रविवारी फोन उचलणं नाही. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, माझ्या सर्व्हरवर असेल तर तो खर्च माझा आहे, तो मी थांबवू शकते. पण आधी लेखी कळवून आणि साइटची संपूर्ण प्रत क्लायंटच्या हातात ठेवून.

या पद्धतीने कामं जातात, हे सांगायला हवं. ॲडव्हान्सचं नाव काढल्यावर 'आमच्यावर विश्वास नाही का' म्हणून उठून गेलेले लोक मी पाहिलेत. पूर्वी मी अशा वेळी संकोचाने गप्प बसायचे. भीड भिकेची बहीण हे आजी म्हणायची तेव्हा त्यात आपल्या धंद्याचं अर्थशास्त्र आहे हे कळलं नव्हतं. ॲडव्हान्स मागायची लाज वाटते म्हणून आपण तो मागत नाही, आणि मग वर्षभराने डोमेन बंद करायची लाज वाटत नाही, हा हिशेब मला तरी उलटा वाटतो.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे, कारण ती क्लायंटकडून येते. त्यांना किल्ली नकोच असते. "तुम्हीच बघा ना सगळं, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." यात विश्वास असतो, आळसही असतो. माझ्याकडे आता नियम आहे: नवं काम सुरू होताना क्लायंटच्या शेजारी बसायचं आणि रजिस्ट्रारकडे त्याच्या नावाने, त्याच्या ईमेलने, त्याच्या कार्डावरून खातं उघडायचं. वीस मिनिटांचं काम म्हणून मी सांगते. गेल्या खेपेला दीड तास लागला. ईमेलचा पासवर्ड क्लायंटला माहीत नव्हता, तो त्याच्या भाच्याने लावून दिला होता. ओटीपी भाच्याच्या फोनवर जात होता. भाचा परीक्षेला बसलेला. तो पेपर सुटून बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसून होतो. क्लायंट अस्वस्थ, घड्याळ बघत, "एवढ्यात तुमच्या खात्यात घेऊन टाकलं असतं की." घेतलं असतं, हो. पण त्या दीड तासात त्याला हेही कळलं की त्याच्या धंद्याचा सगळा पत्रव्यवहार एका मुलाच्या फोनवर टेकलेला आहे. खातं उघडल्यावर त्याने मला आत यायची परवानगी दिली, जशी आपण कामाला येणाऱ्या माणसाला देतो. मन मानेल तेव्हा काढून घेता येईल अशी.

मधल्या गोष्टींबद्दल थोडक्यात. फॉन्ट, थीम (साइटचा तयार साचा), प्लगइन (साइटला जोडायचे तयार तुकडे), विकतचे तयार फोटो यांची लायसन्सं बऱ्याचदा आम्ही आमच्या नावे घेतो आणि दहा साइटींना वापरतो. क्लायंट सोडून गेला की ती त्याच्याबरोबर जात नाहीत, हे त्याला कुणी सांगत नाही. वर्षभराने प्लगइनचे अपडेट थांबतात आणि खापर नव्या माणसावर फुटतं. यादी द्या, संपलं. आणि 'कोड आमचा आहे, तो देणार नाही' असं छाती काढून म्हणणाऱ्यांना एक आठवण. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर उभ्या आहेत, आणि वर्डप्रेस २००३ पासून जीपीएल या खुल्या लायसन्सखाली सगळ्यांना मोकळं आहे. दुसऱ्यांनी फुकट दिलेल्या विटांची भिंत रचून तिला कुलूप लावायचं, याला धारिष्ट लागतं.

आता फोटो. इथे माझा सूर बदलतो आणि क्लायंट हमखास बिथरतात. "साइटच्या वेळी म्हणालात सगळं तुमचं, मग फोटो का नाही? पैसे तर त्याचेही दिलेत." खेळणीवाल्याने पुढे माझ्याकडे काम दिलं तेव्हा हेच विचारलं. प्रश्न रास्त आहे.

नाव मी बनवलेलं नव्हतं. फोटो मी बनवलेला असतो. 'बनवलेला' हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं फोटो काढला, म्हणजे तो तिथे होताच, यांनी फक्त बटण दाबलं. काचेच्या बाटलीचं उदाहरण घ्या. बाटली पांढऱ्या पडद्यासमोर ठेवा, समोरून दिवा लावा: बाटलीच्या पोटात दिव्याचा चौकोन दिसेल, खोलीची खिडकी दिसेल, ट्रायपॉडमागची मी दिसेन, आणि बाटलीच्या कडा पडद्यात विरघळून जातील. म्हणून दिवा समोरून काढून मागच्या पडद्यावर टाकायचा. पडदा उजळतो, बाटली उजळते, कडा तरीही पुसट. मग चौकटीच्या जरा बाहेर, बाटलीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करायच्या. काच त्या काळ्याला आपल्या कडेत ओढून घेते आणि एकदम बाटलीभोवती बारीक काळी रेघ उमटते, पेन्सिलीने काढल्यासारखी. पट्टी बोटभर आत सरकवली की रेघ जाड, बाहेर सरकवली की गायब. लेबल मात्र आता अंधारात गेलेलं असतं. त्याच्यासाठी पुढून एक छोटा आरसा, फक्त लेबलापुरता उजेड टाकणारा. "एका बाटलीला तीन तास?" क्लायंट विचारतो. बाटलीला नाही, त्या रेघेला. ती रेघ बाटलीवर नव्हती.

हाच मुद्दा १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर नेपोलियन सारोनी याने लेखक ऑस्कर वाइल्डचा फोटो काढला होता आणि एका छापखान्याने परवानगी न घेता त्याच्या ८५,००० प्रती काढल्या. छापखान्याचं म्हणणं असं की फोटो ही यंत्राची नक्कल आहे, तिला कसला आलाय लेखक? न्यायालयाने सारोनीच्या बाजूने कौल दिला: माणसाला कसं बसवायचं, कपडे, मागची सजावट, उजेड-सावली हे सगळं ज्याने ठरवलं तो त्या चित्राचा कर्ता. गंमत अशी की २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच एका न्यायालयाने संगणकाने आपणहून तयार केलेल्या चित्राला मानवी कर्ता नाही म्हणून हक्क नाकारला, तेव्हा पुन्हा हेच जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचं सूत्र कामाला आलं. यंत्र कुणाचं हा सवाल नव्हता आणि नाही. काळी पट्टी बोटभर आत कुणी सरकवली, हा आहे.

कायदा सगळीकडे सारखा नाही, हे मान्य. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क पैसे देणाऱ्याचा, अशी तरतूद ब्रिटनमध्ये होती, १९८८च्या कायद्याने ती गेली. कॅनडात २०१२ मध्ये गेली. काही देशांत ती अजूनही आहे. म्हणून करार लिहून घ्यायचा, तोंडी समजुतीवर राहायचं नाही. १९४७ मध्ये कापा, कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांच्या साथीदार फोटोग्राफरांनी मॅग्नम ही स्वतःची संस्था काढली ती मासिकांकडून आपले हक्क आपल्याकडे ठेवण्यासाठीच. अर्थात ती युद्धभूमीवरची माणसं, मी बाटल्या आणि खेळणी टिपणारी. तुलना तिथेच थांबवते.

हक्क माझ्याकडे ठेवते म्हणजे मी क्लायंटला छळते असं नाही, आणि इथे मला माझ्याच बिरादरीशी भांडायचं आहे. मोठ्या जाहिरातींच्या जगातून काही जणांनी लायसन्सचा तो सगळा पसारा जसाच्या तसा उचलला आहे: फक्त वेब, फक्त दोन वर्षं, अमुक आकारापर्यंत, पोस्टरला वेगळे पैसे, पत्रकाला वेगळे. सहा माणसांच्या कारखान्याला हे लावणं म्हणजे मुंगीवर वरवंटा. त्याच्या लक्षात राहणार नाही, आपण तपासणार नाही, आणि एके दिवशी तपासलं तर भांडण होईल. माझा करार अर्ध्या पानाचा आहे. तुमच्या धंद्यासाठी हा फोटो कुठेही, कितीही वर्षं वापरा. दुसऱ्या कंपनीला देऊ नका, विकू नका. तुमचा माल विकत घेणारं मोठं दुकान तोच फोटो स्वतःच्या जाहिरातीत मागेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. एवढंच. मी हक्क ठेवते तो या शेवटच्या वाक्यासाठी, कारण तिथे माझ्या तीन तासांवर तिसराच माणूस कमावणार असतो.

रॉ फाइलबद्दलही तेच. त्या मी देत नाही, आणि त्यात काही लपवालपवी नाही. रॉ म्हणजे 'ओरिजिनल फोटो' हा गैरसमज आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर १९७६ सालच्या बायर पद्धतीची रंगीत जाळी असते. प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून काढायचे असतात. रॉ हे त्या मोजमापांचं बाड असतं. ते दुसऱ्याने उघडलं की खेळण्याचा पिवळा भलताच पिवळा होणार, गिऱ्हाईक माल परत पाठवणार, आणि खाली नाव माझं. त्याऐवजी पूर्ण आकाराच्या तयार फाइल मी मोकळ्या हाताने देते, वेबसाठी लहान केलेल्या वेगळ्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बिंदू रुंद असतो. साइटवर २००० पुरे होतात. लहान प्रत न दिल्यास क्लायंट ती अख्खी फाइल पहिल्या पानावर चढवतो आणि मग साइट हळू आहे म्हणून मलाच फोन करतो. फोटो आणि साइट एकाच हातात असण्याचा हा एक खरा फायदा.

मग करायचं काय? रजिस्ट्रार किंवा सरकार येऊन आपल्याला शिस्त लावेल याची वाट मी पाहत नाही. २०१८ मध्ये युरोपचा माहिती-संरक्षण कायदा आला तेव्हापासून डोमेनच्या जाहीर नोंदीत मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलंच असतं. झाकलं ते बरंच झालं, पण त्यामुळे आपलं नाव आपल्याच नावावर आहे का, हे क्लायंटला बाहेरून बघता येत नाही. त्याला ते कळायची जागा एकच उरते: आपलं बिल. साइट बनवणाऱ्या प्रत्येकाने बिलाच्या तळाशी तीन ओळी छापाव्यात असं माझं म्हणणं आहे. डोमेन कुणाच्या नावे आहे. मुदत कधी संपते. सूचना कोणत्या ईमेलवर जातात. या तीन ओळी ज्याला छापवत नाहीत त्याला का छापवत नाहीत, हे क्लायंटने विचारावं. आमच्या व्यावसायिक संघटना कॅमेऱ्यांच्या कार्यशाळा हौसेने भरवतात; नमुना करारात ही तीन ओळींची अट घालायला त्यांना खर्चही येणार नाही.

माझ्या बिलावर त्या आता असतात. त्याचा एक परिणाम असा झाला की सोडून जाणं सोपं झालं. मागच्या वर्षी बाटलीवाल्याने ते केलं. त्याला दुसरीकडे स्वस्तात साइट मिळाली. डोमेन त्याच्या खात्यात होतंच, त्याने माझी परवानगी काढून घेतली, मी साइटची प्रत आणि लायसन्सची यादी पाठवली, दोन दिवसांत सगळं उरकलं. साइट बंद पडली नाही, एक ईमेल हरवला नाही. परवा सहज त्याची नवी साइट उघडली. पहिल्याच पानावर माझी बाटली होती, त्याच्या हक्काने, करारात बसणारी. फक्त नव्या माणसाने चौकट भरायला ती आडवी ताणली होती. लेबलावरची अक्षरं पसरलेली, आणि ती काळी रेघ चांगली बोटभर जाड. माझ्या करारात फोटो कुणी, कुठे, किती वर्षं वापरायचा ते सगळं आहे. ताणू नये असं कुठेच लिहिलेलं नाही.